पाय सोडून बसायची नोकरी

माझी पहिली नोकरी बसण्याची होती. चतुराबाईच्या नव्या विहिरीच्या काठावर बसायचं, दोन्ही पाय आत सोडायचे आणि दिवस मावळेपर्यंत वर घ्यायचे नाहीत. मोबदला दोन वेळची भाकर, आणि पाणी लागलं तर एक कोरं धोतर. मला सोळावं लागलेलं होतं आणि तोवर अख्खं धोतर मी अंगाला लावलं नव्हतं. त्यामुळं पाणी लागावं असं मला फार मनापासून वाटायचं.

नोकरी मिळाली ती लायकीवर. माणसं जन्मताना डोक्याकडून येतात, मी पायाकडून आलो. आमच्या भागात अशा पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं, त्याची लाथ पाठीत बसली की उसण जाते, आणि वीज पडायची झाली तर ती आधी त्याला हुडकते. यातलं पहिलं आणि तिसरं कुणी तपासलेलं नव्हतं. दुसऱ्याचा मात्र मला मोठा अनुभव. चालायला लागलो तेव्हापासून मी गावातल्या मोठमोठ्या माणसांना लाथा मारत आलो होतो. पाटलांना मारली होती. परतूरहून तपासणीला आलेल्या गिरदावर साहेबांनाही मारली होती. साहेब शेरवानी काढून चावडीच्या ओट्यावर पालथे पडले, चपराशानं माझे पाय धुतले, आणि साहेब म्हणाले, "आहिस्ता, बेटा." मी आहिस्ता मारली. साहेब उठले, दोनदा वाकून बघितलं आणि मला सलाम केला. सरकारला लाथ मारून वर सलाम घेतलेला दुसरा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात सापडायचा नाही.

त्या साली मृग कोरडा गेला, हस्तानं तोंड दाखवलं नाही. फाल्गुनातच गावच्या विहिरीत पोहऱ्याऐवजी माणूस उतरून वाटीनं पाणी भरायला लागला. चतुराबाईचं रान सात एकर, सगळं वरच्या पाण्यावर. नवरा मागंच गेलेला. थोरला धर्मराज औरंगाबादला कापडाच्या मिलीत गेला होता. दोन वर्षांत त्याच्या नावाचा एकच कागद आला, आणि त्यात तो पटकीनं वारल्याचं लिहिलेलं होतं. आता धाकटा भुजंग तिकडंच निघाला होता. बावीस वर्षांचा, पहारीसारखा सरळ, आणि बोलायला तसाच.

"हितं खाऊ काय, माय? ढेकळं?"

"वैशाखाच्या पुनवेपस्तोर थांब," चतुराबाई म्हणाली. "हीर खांदू. पाणी लागलं तर राह्य. न्हाई लागलं तर मीच तुला गाडीत बशीवते. तोंडातून शब्द काढणार न्हाई."

भुजंग बरं म्हणाला. त्याला वाटलं, साठीची बाई, चार दिवस माती उकरील आणि थकून गप बसेल. इतकी वर्षं तिच्या हातची भाकर खाऊनही त्यानं मायला ओळखलं नव्हतं.

जागा दाखवायला मला बोलावणं आलं. भर दुपारी मला अनवाणी रानात सोडलं. मागून हातात नारळ घेऊन चतुराबाई, तिच्यामागं भुजंग, आणि त्याच्यामागं काम नसलेलं सगळं गाव. मी चालत राहिलो. पायाला नेमकं काय कळायला पाहिजे हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सराट्याचे काटे कळले. तापलेली ढेकळं तर फारच कळली. अर्धं रान झाल्यावर मी बांधाकडच्या लिंबाजवळ आलो आणि तळव्यांना एकदम बरं वाटलं. मी थांबलो.

"काय कळून राह्यलं, मच्छिंदर?" चतुराबाईनं हळूच विचारलं.

"गार लागून राह्यलंय, काकू."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती माझ्या पायांकडं बघत राहिली, डोळ्यांत पाणी आणून तिनं तिथंच नारळ फोडला. मी लिंबाच्या सावलीत उभा होतो हे सगळ्यांना दिसत होतं, पण सावली काय, कुठंही पडते.

दुसऱ्या दिवशी कुदळ पडली आणि माझी नेमणूक झाली. पायाळूचे पाय वर लोंबत राहिले की खालचं पाणी ओढ घेतं, असं चतुराबाईच्या माहेरी मानत. मी म्हणालो, "काकू, माती बी वाहतो की." ती दचकली. "नगं बाबा. पायाला दगड लागला तर?"

मग भुजंगानं खांदायचं, चतुराबाईनं माती वाहायची, आणि मी दोघांच्या मधे पाय हलवत बसायचं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. "काय मच्छिंदर, कामावर का?" मी म्हणायचो, "हाव. आज जरा जास्ती हाय." माझी माय गावात सांगत फिरायची, पोरगं कामाला लागलं. बाया विचारायच्या, काय करतंय? माय म्हणायची, "बसतंय."

भुजंग खालून बघायचा. त्याच्या डोक्यावर दिवसभर माझे तळवे. एकदा घाम पुसत म्हणाला, "सायेब, पाय अवघडले असत्याल. चेपून देऊ?"

"उजवा जरा," मी म्हणालो.

त्यानं ढेकूळ फेकलं. ते उजव्यालाच लागलं. चतुराबाईनं लेकाला अशा शिव्या घातल्या की दोन दिवस तो माझ्या पायांखाली मान खाली घालून खांदत होता.

पण खरं सांगतो, बसल्या जागेवरून मी जे पाहिलं ते कुठल्या जत्रेत पाहिलं नाही. आम्ही आयुष्यभर ज्या जमिनीवर चाललो तिच्या आत काय आहे याची कुणाला कल्पना असते? आधी दोन परस, म्हणजे दोन उभ्या माणसांएवढी, काळी माती निघाली, मढ्यावर टाकायच्या बुक्क्यासारखी काळी. तिच्याखाली पिवळा मुरूम, भिजवलेल्या डाळीच्या रंगाचा. मुरमाखाली तांबूस खडक, त्यात पांढरे खडे चमकायचे. आणि पाचव्या परसाला काळा पाषाण. भुजंगानं पहार मारली तर ती घंटेसारखी वाजली आणि तळहाताचं कातडं घेऊन परत आली. मी वरून बघत होतो. खाली भुजंग एवढासा दिसत होता, आणि त्याच्या चारी बाजूंनी कधीच्या काळी थिजलेला तो काळा दगड. मला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

पाषाण फोडायला जालन्याच्या मस्तगडातून सुरुंगवाला बद्रीनाथ आला. त्याच्या हातांना मिळून आठ बोटं होती. उरलेली दोन कामावर खर्ची पडलेली. खोली मोजायचा तो बोटांवर. त्यामुळं आठव्या परसाला पोचलो आणि मग दहा दिवस खाली गेलो तरी बद्रीनाथला विचारलं की तो म्हणे, "आठ."

तो पहारीनं पाषाणात हातभर भोक पाडायचा, दारू ठासायचा, वात लावायचा आणि दोराला धरून माकडासारखा वर यायचा. "हटो रे! जल्दी!" सगळे पळायचे. मलाही त्या वेळेपुरते पाय वर घ्यायची परवानगी होती. आधी पायाखालची जमीन एक गचका द्यायची, मग आवाज यायचा, आणि विहिरीच्या तोंडातून धूर आणि दगड असे काही उसळायचे की कावळे गाव सोडून जायचे. धूर निवला की चतुराबाई पहिली काठावर जाऊन वाकायची. नाक पुढं करून वास घ्यायची. ओल्या दगडाचा वास आला का ते बघायची. मग बैलांकडं वळायची.

फोडलेला दगड टोपल्यात भरून भुजंग नाड्याला बांधायचा. वर चाकावरून नाडा बैलांच्या जुवाला. चतुराबाई बैल हाकायची, टोपलं वर आलं की काठावर ओढून घ्यायची, डोक्यावर चढवायची आणि वीस पावलांवरच्या ढिगावर नेऊन ओतायची. मान ताठ, डोळे समोर, पायात काही नाही. दिवसाला पन्नास-साठ खेपा. आणि प्रत्येक खेपेला ती माझ्या मागून जायची. मी पाठमोरा बसलेलो असायचो, पण तिच्या श्वासाचा आवाज मला ओळखता यायला लागला होता. भरल्या टोपल्याचा वेगळा, रित्याचा वेगळा.

वैशाखाची पुनव सहा दिवसांवर आली आणि आभाळ भरून आलं. वळवाचं. आभाळ बघून बाकीच्यांना आनंद झाला असता, पण लांब एक वीज चमकली आणि बद्रीनाथनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दारूच्या डब्याकडं. डबा माझ्यापासून चार हातांवर होता.

"इस्कू हटाओ!" तो ओरडला. "एकीकडं दारू, एकीकडं हे पायाळू. आख्खी हीरच आभाळात जाईल!"

भुजंग तर एवढा जल्दी वर आला की सुरुंगाला कधी आला नव्हता. तिघं मला लांबूनच हाकलायला लागली. मी त्यांच्याकडं जाईन तिकडून ती पळायची. शेवटी चतुराबाईनं देवळात जाऊन बसायला सांगितलं, आणि मी दोन्ही हात डोक्यावर धरून धावत सुटलो. वीज अडवायला हात कसे पुरतील हा विचार मला देवळात पोचल्यावर सुचला.

देवळात दुर्गाआज्जी बसलेली. गावची सुईण. आम्हा सगळ्यांना तिनंच या जगात ओढलेलं. गडगडाट झाला की मी खांबाला मिठी मारत होतो. ती दात नसलेलं तोंड पसरून हसायला लागली.

"काहून भितो रे? तुझ्यावर कशाला पडंल?"

"मी पायाळू हाय, आज्जे."

"कशाचा पायाळू? डोक्याकडून आल्तास की. चांगला शिस्तीत."

मी खांब सोडला.

"आता कुणाला सांगत बसू नको," ती म्हणाली. "पायाळूच्या सुईणीला लुगडं द्यावं लागतं. माझं फाटलं व्हतं." मग थोडा वेळ ती पावसाच्या दोन-चार थेंबांकडं बघत राहिली. "आन् तुझ्या मायची तुझ्याआधी दोन गेल्ती. तुझा बाप म्हणला, हे बी जाईल. बघायला बी आला न्हाई. म्या म्हणलं, पायाळू हाय, जपा ह्याला. मंग सगळ्यांनी जपला. जपला म्हणून जगलास. लुगडं बी भेटलं."

ढग तसेच निघून गेले. बाहेर आलो तर माझेच पाय मला ओळखू येईनात. पंधरा वर्षं या पायांनी पाटलांना, गिरदावराला, अर्ध्या तालुक्याला बरं केलं होतं. आणि ते साधे पाय होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

विहिरीवर आलो तेव्हा भुजंग खाली होता, बद्रीनाथ लांब बांधापलीकडं बिडी ओढत होता. चतुराबाई ढिगावर टोपलं ओतत होती. मी गेलो आणि सांगून टाकलं.

"काकू, मी पायाळू न्हाई."

"कोण म्हणलं?"

"दुर्गाआज्जी."

"तिनंच तर पायाळू म्हणलं व्हतं."

"तवा तिला लुगडं पाहिजे व्हतं."

चतुराबाई दगडांवरच बसली. तिला बसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. बसायचं काम माझ्याकडं असल्यानं तिला कधी वेळच मिळाला नव्हता. चेहरा धुळीनं राखेच्या रंगाचा झालेला, कपाळावर चुंबळीचा वळ.

"मंग तुला गार कशानं लागलं?"

मी लिंबाकडं बघितलं. तिनंही बघितलं. सावली विहिरीच्या तोंडावर पडली होती, शांत, काही केलंच नाही अशी.

खालून भुजंगानं नाडा हलवला. टोपलं भरलं होतं.

"मुरूम व्हता तवा का न्हाई बोलला?"

"तवा मलाच ठाव न्हवतं."

"मुरूम व्हता तवा खरं बोललेलं परवडलं असतं," ती म्हणाली. "आता पाषाण लागलाय. पाषाणात खरं घेऊन मी काय करू, सांग?" उठताना तिनं गुडघ्यावर हात दिला. "भुजंगाला बोललास तर तंगड्या मोडीन."

"मंग मी घरी जाऊ?"

"घरी कशाला? सकाळी लोक जात-येत असत्यात, तवा पाय सोडून बस. दुपारी रस्त्याला कुणी नसतं, तवा टोपली उचल. आता दगड लागला तरी काय बिघडून राह्यलंय?"

अशी माझी बढती झाली. पहिलं टोपलं तिनं माझ्या डोक्यावर चढवून दिलं. माझी मान खांद्यांत गेली, गुडघे वाकले, डोळ्यांपुढं पिवळं दिसलं. वीस पावलं मी देवाचं नाव घेत गेलो. ओतून परत आलो तर ती दुसरं टोपलं घेऊन माझ्या शेजारून निघून गेली. मान ताठ, डोळे समोर. मी तिथंच उभा राहून बघत राहिलो. अडीच महिने हे माझ्या पाठीमागून जात होतं. मी लोकांच्या पाठी बऱ्या करणारा माणूस, आणि या बाईनं एकदाही पाठीचं नाव काढलं नव्हतं. आता तर तिला ठाऊक होतं की खाली पाणी असण्याला काहीच आधार नाही. तरी खेप कमी झाली नाही. उलट दोन वाढल्या.

भुजंगानं खालून विचारलं, "पाय कुठं गेले?"

"सुट्टीवर," मी म्हणालो.

पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं भुजंगाचं गाठोडं बांधून ओसरीवर ठेवलं. भाकरी, चटणी, घोंगडी, आणि माझ्या नावाचं कोरं धोतर. मी ते बघितलं. मिलीत जाणाऱ्याला धोतर लागतंच. कडूबा गाडीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी परतूरच्या स्टेशनवर न्यायला येणार होता. बद्रीनाथ दारू संपवून आदल्या संध्याकाळीच जालन्याला गेला होता. जाताना म्हणाला, "आठ परस झाले, बाई. मी काय करू?"

दुपारी भुजंग एकटाच खाली उतरला. शेवटचे सुटे दगड वर द्यायला. मी आणि चतुराबाई काठावर. ऊन असं की लिंबाच्या पानांना चटका बसत होता. खालून पहारीचा आवाज येत होता, खण, खण, आणि मग एकदम न आला. वाजत्या घंटेवर कुणी हात ठेवावा तसा.

"माय," भुजंगाचा आवाज आला. "पहार आत गेली."

"किती?"

"हातभर. आपसूक गेली. आन् खालून वारं येऊन राह्यलंय."

आम्ही दोघं पालथी पडून बघायला लागलो. तळाशी भुजंग गुडघे टेकून बसलेला, दोन्ही हात पहारीवर. पहारीच्या कडेनं सापासारखा फुत्कार येत होता. मग कडेनं एक ओली रेघ निघाली आणि दगडावर पसरली. एवढीशी. पोरानं मुतावं एवढी.

"पहार काढू का?" भुजंग म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. पहारीसारख्या माणसाचा आवाज.

मी चतुराबाईकडं बघितलं. काढली आणि तेवढंच निघालं तर? आत अडकलेलं तेवढंच असलं तर? पहार होती तोवर खाली काहीही असू शकत होतं.

"थांब," ती शेवटी म्हणाली. "मी येते."

मी म्हणालो, "काकू, टोपल्यात?" तोवर तिनं पदर कमरेला खोचला होता. रोज ज्या टोपल्यात दगड वर आले त्यात ती पाय दुमडून बसली. मी बैलांना उलटं चालवत नेलं, पाऊल-पाऊल. बैलांना मागं सरायची सवय नव्हती, पण त्या दिवशी तेही शहाण्यासारखे वागले. नाडा सैल पडला तसा मी बैल जागच्या जागी थोपवून काठाकडं पळालो.

खाली दोघं पहारीला धरून उभी होती. मग दोघांनी मिळून ओढली.

पाणी आधी आवाज झालं. मी तोवर पाणी पडताना ऐकलं होतं, वाहताना ऐकलं होतं. दगडातून उठताना कधी ऐकलं नव्हतं. मनगटाएवढी धार भुजंगाच्या छातीपर्यंत उसळली आणि तो मागं पडला. चतुराबाई उभीच राहिली. धार तिच्या तोंडावर आपटत होती, राखेचा रंग धुवून निघत होता, आणि ती दोन्ही हात पसरून, कुणी अंगणात यायचं ठरलं होतं ते आलं तसं, नुसती उभी होती.

घोट्याएवढं झालं, मग गुडघ्याएवढं. भुजंगानं मायला उचलून टोपल्यात बसवलं आणि वर बघून ओरडला, "हाक बैल! म्हातारी बुडंल!"

"म्हातारी कुणाला म्हणतो रे?" टोपल्यातून आवाज आला.

वर आल्यावर ती काठावर निथळत बसली. माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं. गाव धावत येताना दिसत होतं. पोरं आधी, मग बाया, मागून पाटील.

"आता काय सांगायचं लोकांला?" मी विचारलं.

"तू काय बी सांगू नको. तुझी नोकरी गप बसायची." मग पदर पिळत म्हणाली, "दुर्गाबाईला घागरभर पाणी नेऊन दे. म्हण, तोंड धू."

गाव माझ्या पाया पडलं. पाटील स्वतः वाकले. मी पाय जवळ घेऊन बसलो, पण कुणी ऐकेना. तीन गावांची बोलावणी त्याच दिवशी आली. एवढ्या माणसांच्या पाठी मी खऱ्याच बऱ्या केल्या होत्या, आणि हे पाणीही खरंच होतं. फक्त मी खरा नव्हतो. त्याचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही. त्या बोलावण्यांना मी गेलो नाही. लोक म्हणाले, पोराला गर्व झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कडूबाची गाडी आली. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो शेजारच्या गावचा, रात्री तीन कोसांवर पाहुण्याकडं मुक्कामाला होता. गाडी रानाच्या कडेला उभी करून त्यानं हाळी दिली, "भुजंगा! चल बिगी! गाडी चुकंल!"

भुजंग विहिरीत होता. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बुडालेली पहार हुडकत होता. चतुराबाई काठावर होती. कडूबाकडं तिनं पाहिलं नाही, विहिरीकडंही नाही. पाणी नाही लागलं तर तोंडातून शब्द काढणार नाही असं ती म्हणाली होती; लागल्यावरही तिनं तो काढला नाही, राहायचं की जायचं हे त्यानंच ठरवावं म्हणून. ती लिंबाच्या खोडाचं साल नखानं काढत उभी राहिली.

पहार सापडली. भुजंग ती खांद्यावर घेऊन वर आला, अंगावरून पाणी गळत. गाडीजवळ गेला. कडूबानं त्याच्या गाठोड्यासाठी हात पुढं केला.

भुजंगानं गाडीच्या बैलांकडं बघितलं. तीन कोस चालून आलेले, नाकपुड्या कोरड्या, जीभ बाहेर.

"कडूबाभाऊ," तो म्हणाला, "बैल सोड आधी. पाणी पाजू."

"आन् रेल्वे?"

भुजंगानं जुवाची खिळ स्वतःच काढली. बैलांना वास लागला होता. ते आम्हाला ओढतच निघाले. चतुराबाईनं दोन पोहरे दगडी डोणीत ओतले आणि बाजूला झाली. बैलांनी तोंडं घातली. एकेक घोट त्यांच्या गळ्यातून खाली जाताना दिसत होता.